अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याचें नागरिकत्व : तीन साधनांचा विचार

टेलिफोनचा शोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा कोणत्या देशाचा, या प्रश्नास तीन उत्तरें देण्यांत येतात. स्कॉटलंड जन्मावरून, कॅनडा वास्तव्यावरून आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें कर्तृत्वावरून त्यास आपला म्हणतात. '१८७६ सालचा अमेरिकन शोधक' हा उल्लेख तर अनेक ग्रंथांत आढळतो. कीर्तीची वांटणी करणें हा आमचा विषय नव्हे. अमुक दिवशीं हा गृहस्थ कायद्यानें कोणाचा प्रजाजन होता, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे. तें पाहतां वरील उल्लेख जसाच्या तसा टिकत नाहीं असें आमचें मत झालें आहे. त्याचीं कारणें पुढें देतों.

बेलचा जन्म एडिंबरा येथें ३ मार्च १८४७ रोजीं झाला. बाप अलेक्झांडर मेलव्हिल बेल हा उच्चारशास्त्राचा अध्यापक असून मुखांतील अवयवांची ठेवण चिन्हांनीं दाखविणारी एक लिपि त्यानें रचिली होती. बेलचा धाकटा भाऊ १८६७ सालीं व थोरला १८७० सालीं क्षयानें वारला. उरलेला मुलगा तरी वांचावा म्हणून त्याच सालीं हें कुटुंब कॅनडांत ब्रँटफर्ड गांवाजवळ येऊन राहिलें. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यांतच असल्यामुळें समुद्र ओलांडला तरी राजनिष्ठा बदलली नाहीं. ती बदलण्याचा प्रश्न उद्भवला तो १८७१ च्या एप्रिलांत, बेल बहिऱ्या मुलांस बोलावयास शिकविण्याकरितां बोस्टन येथें आला तेव्हां.

त्या काळचा अमेरिकन कायदा मुख्यत्वें १८०२ सालचा होय. परदेशीयानें प्रथम कोर्टांत नागरिक होण्याच्या इराद्याची शपथपूर्वक घोषणा करावी. यास लोक 'पहिला कागद' म्हणत. घोषणेनंतर निदान दोन वर्षें लोटलीं व देशांत एकंदर पांच वर्षें वास्तव्य झालें म्हणजे दुसरी शपथ घेऊन नागरिकत्व मिळे. ह्या शपथेंत सर्व परकीय राजांची निष्ठा सोडावी लागे, आणि ज्या राजाचा तो प्रजाजन असे त्याचें तर नांव घेऊन ती सोडावी लागे. १९०६ पूर्वीं ह्या कागदांस एक ठराविक नमुना नव्हता. गांवोगांवचीं निरनिराळीं कोर्टें आपापल्या परीनें ते लिहीत, त्यामुळें ते नाना दप्तरांत विखुरलेले आहेत.

बेलनें पहिला कागद १८७४ सालीं केला. हा कागद केवळ औपचारिक नव्हता, हें पेटंटांच्या कायद्यावरून ध्यानांत येतें. १८३६ च्या कायद्यान्वयें पेटंटाची फी नागरिकास ३० डॉलर, इतर परदेशीयांस ३०० डॉलर व ब्रिटिश प्रजाजनास ५०० डॉलर अशी होती. मात्र एक वर्ष राहून पहिला कागद केलेल्या परदेशीयास नागरिकाचाच दर लागे. हा भेद १८६१ सालीं निघाला, तरी एक अंश उरला. अपुऱ्या शोधाची गुप्त पूर्वसूचना, जीस 'केव्हिएट' म्हणत, ती दाखल करण्याचा हक्क नागरिकास किंवा पहिला कागद केलेल्या रहिवाशासच होता. एवढ्यासाठींच बेलनें घोषणा केली असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. परंतु विजेनें अनेक तारसंदेश एकदम पाठविण्याच्या खटपटींत तो त्याच सालीं गुंतलेला होता, हें विसरतां येत नाहीं.

आतां १८७६ सालचा क्रम पाहूं. २० जानेवारीस बोस्टन येथें बेलनें पेटंटाच्या अर्जावर शपथ घेतली. आपण कोणत्या देशाचे नागरिक आहों हें अशा शपथेंत सांगणें कायद्यानें आवश्यक होतें. अर्ज मात्र लगेच दाखल झाला नाहीं. टोरांटोचा जॉर्ज ब्राउन हा त्याची नक्कल घेऊन इंग्लंडास जाणार होता, आणि शोध परदेशांत आधीं प्रसिद्ध झाल्यास तेथील हक्क बुडेल अशी भीति होती. अखेर बेलची वाट न पाहतां त्याचा भावी सासरा गार्डिनर हबर्ड यानें १४ फेब्रुवारीस अर्ज दाखल करविला. त्याच दिवशीं इलायशा ग्रे याचा केव्हिएटहि आला. ७ मार्च रोजीं बेलला १,७४,४६५ क्रमांकाचें पेटंट मिळालें. ह्या सर्व तारखांस बेल हा अमेरिकेचा रहिवासी व इच्छुक नागरिक होता. कायद्यानें मात्र तो राणी व्हिक्टोरियाचा प्रजाजनच होता. १४ जानेवारी १८७८ रोजीं वाइट बेटावरील ऑस्बोर्न वाड्यांत त्यानें राणीस टेलिफोन दाखविला, तोहि तिचा प्रजाजन म्हणूनच.

१८८२ च्या नोव्हेंबरांत वॉशिंग्टन येथें दुसरी शपथ झाली. सुमारें पांच वर्षांपूर्वीं जिच्यासमोर यंत्र मांडलें, तिचीच निष्ठा आतां नांव घेऊन सोडावी लागली. जन्मानें जडलेली निष्ठा प्रजाजनास आपण होऊन टाकतां येत नाहीं, असा इंग्लंडचा जुना सिद्धांत होता. परंतु १८७० च्या कायद्यानें व त्याच वर्षींच्या अमेरिकेशीं झालेल्या करारानें तो इंग्लंडनें सोडला होता. म्हणून १८८२ च्या शपथेनें एक नातें जुळलें व त्याच क्षणीं दुसरें तुटलें. दुहेरी संशयास जागा उरली नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. हा मार्ग 'स्वतंत्र गोऱ्या' मनुष्यासाठीं होता. १८७० सालीं आफ्रिकन वंशाच्या लोकांस तो मोकळा झाला. पण बेल नागरिक झाला त्याच १८८२ च्या मे महिन्यांत झालेल्या कायद्यानें चिनी मनुष्यास नागरिकत्व देण्याची कोर्टांस स्पष्ट मनाई केली. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य 'गोरा' नव्हे असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. त्यानंतर सखाराम गणेश पंडित या वकिलाचें १९१४ चें नागरिकत्वहि रद्द करण्याचा यत्न झाला. तथापि १९२६ सालीं अपील-न्यायालयानें तें कायम ठेविलें, कारण एकदां कोर्टानें दिलेला निर्णय पुन्हां उकरून काढतां येत नाहीं. कागदाचें बळ तें हें.

तिसरें साधन शिलालेखाचें. बेल २ ऑगस्ट १९२२ रोजीं कॅनडांतील नोव्हा स्कोशियामध्यें, बेन व्ह्री नामक आपल्या टेकडीवर वारला. टेकडीचें हें नांव गेलिक भाषेंतील असून त्याचा अर्थ सुंदर पर्वत असा आहे. तेथेंच त्यास पुरलें. शिळेवर शोधक, शिक्षक, एडिंबरा येथील जन्मतिथि, आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नागरिक म्हणून मृत्यु पावल्याची नोंद, एवढेंच आहे. भूमि ब्रिटिश राजाची, टेकडीचें नांव स्कॉटलंडच्या भाषेंतलें, आणि मजकूर अमेरिकन नागरिकत्वाचा! हें शब्द त्याच्याच इच्छेस अनुसरून कोरले गेले.

तात्पर्य, १८७४ ही इच्छेची, १८८२ ही हक्काची आणि १९२२ ही साक्षीची मिति होय. १८७६ ह्यांपैकीं कोणतीच नव्हे. थोर पुरुषाची सही असलेलें पत्र आम्ही संग्राहक जपून ठेवितों आणि कोर्टाचा रुक्ष फॉर्म बाजूस सारितों. परंतु मनुष्य कोणाचा हें ठरविण्याची पाळी येते तेव्हां त्याच फॉर्माकडे परत यावें लागतें.