साखरेचं मशीन खोटं बोलतं का?

परवा आईची जेवणानंतरची साखर घरच्या मशीनवर २०४ आली. दहा मिनिटांत लॅबचा मुलगा आला, दंडातून रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट, १८१. आईने मशीन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे दुकानात परत देऊन ये." हा संवाद आमच्या बिल्डिंगमध्ये महिन्यातून एकदा तरी कोणाच्या घरी होतोच. म्हणून म्हटलं, या डबीची जुनी गोष्ट एकदा लिहूनच टाकावी.

आधी साखर रक्तात नाही, लघवीत बघायचे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. रंग हिरवा, पिवळा की विटकरी, त्यावरून अंदाज. गंमत अशी की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. साखर घसरून माणूस बेशुद्ध पडायच्या बेतात असला तरी परीक्षानळी आपली निळीच.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एम्स कंपनीने डेक्स्ट्रोस्टिक्स नावाची पट्टी काढली. रक्ताचा थेंब, एक मिनिट थांबा, पाण्याने धुवा, रंग तक्त्याशी जुळवा. पण रंग डोळ्यांनी बघायचा म्हटलं की दोन माणसांची दोन उत्तरं. मग अँटन क्लेमेन्स यांनी तो रंग प्रकाशाने मोजणारं यंत्र बनवलं, ते १९७०च्या सुमारास बाजारात आलं. वजन किलोभराहून जास्त, किंमत पाचशे डॉलरच्या घरात, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. पेशंटच्या हातात आकडा द्यायचा नाही, हे जणू ठरलेलंच होतं.

इथे रिचर्ड बर्नस्टीन येतात. बाराव्या वर्षापासून मधुमेह, पेशाने इंजिनिअर. बायको डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर यंत्र मागवलं. दिवसातून अनेकदा बोट टोचून स्वतःची साखर टिपायची आणि त्याप्रमाणे इन्सुलिन, जेवण बदलायचं. तब्येत सुधारली. त्यावर लेख लिहिला तर वैद्यकीय नियतकालिकांनी परत पाठवला. गड्याने चाळिशी उलटल्यावर मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि डॉक्टर झाला! २०२५ मध्ये नव्वदीत वारले. १९७८ मध्ये लंडन आणि नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी पेशंट घरी नीट तपासू शकतात हे छापून आणलं, तेव्हा कुठे वैद्यकविश्वाची गाडी हलली.

१९८७ मध्ये पेनाएवढं एक्झॅकटेक आलं. आता रंग नाही, पट्टीवरच्या विकरामुळे तयार होणारा वीजप्रवाह मोजायचा. आज आपल्या घरात आहे ते याचंच वंशज. त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्लार्क आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला. आकडा किती चुकला हे नंतर, त्या चुकीने उपचार बदलेल का ते आधी सांगा. खरी साखर २५० आणि मशीन २८० म्हणालं तर फारसं बिघडत नाही. खरी ५५ आणि मशीन ११० म्हणालं, तर माणूस साखर न खाता झोपी जातो.

हे कागदावरचं भय नाही. अमेरिकेत शुअरस्टेप नावाच्या मशीनमध्ये दोष होता. साखर ५०० च्या वर गेली की 'खूप जास्त' असं सांगण्याऐवजी ते कधीकधी नुसता एररचा कोड दाखवायचं. लोकांना वाटायचं पट्टी बिघडली. बनवणाऱ्या लाइफस्कॅन कंपनीने २००० साली कोर्टात गुन्हा कबूल केला, सहा कोटी डॉलर भरले. २००९ मध्ये तिथल्या एफडीएने आणखी एक इशारा दिला. काही पट्ट्यांमधलं विकर माल्टोजलाही ग्लुकोज समजतं. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांच्या द्रावणातून माल्टोज तयार होतं, मशीन साखर जास्त दाखवतं, त्यावर इन्सुलिन दिलं जातं. तेरा मृत्यूंची नोंद होती.

मग नियम कडक होत गेले. आयएसओच्या २००३च्या मानकात ७५ आणि त्यावरच्या साखरेला २० टक्क्यांपर्यंत फरक चालायचा. २०१३ पासून १०० आणि त्यावर १५ टक्के, त्याखाली १५ अंक, आणि शंभरातले ९५ निकाल यात बसले पाहिजेत. म्हणजे पाच बाहेर गेले तरी मशीन पास! आपल्याकडे ग्लुकोमीटर औषध कायद्याखाली आणायची अधिसूचना निघाली डिसेंबर २०१८ मध्ये. तोवर घरोघर मशीन पोचलेलं होतं.

त्यात आपल्याकडे रक्त कमी असणारे किती! हिमोग्लोबिन कमी असलं तर बऱ्याच मशीनवर साखर खऱ्याहून जास्त दिसते. आंबा सोलून हात न धुता बोट टोचलं तर विचारूच नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, विशेषतः पावसाळ्यात, तरी आकड्यावर भरवसा नाही.

आता आईचं. १८१ चे १५ टक्के म्हणजे २७. फरक २३. मशीन पास. शिवाय जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा गोड असतंच. लॅबच्या मुलाला फोन करून विचारलं, बाटली किती वाजता पोचवलीस? म्हणाला, "दादा, अजून सहा घरं होती, दुपार झाली." बाटलीत रक्तपेशी साखर खात राहतात, बाटलीत औषध असलं तरी सुरुवातीचा तासभर तरी.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग लॅब बदल."