‘साउथ पार्क’ : उपहास आणि स्मृती

१३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘कॉमेडी सेंट्रल’ या अमेरिकन वाहिनीवर ट्रे पार्कर व मॅट स्टोन यांची ‘साउथ पार्क’ ही प्रौढांसाठीची ॲनिमेशन मालिका सुरू झाली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने तिच्या अश्लीलतेची. तिच्यातील कालतत्त्व मात्र अधिक विचारार्ह आहे. कोलोरॅडोतील काल्पनिक गावात चार शाळकरी मुले राहतात. त्यांतला केनी सुरुवातीच्या काळात जवळजवळ प्रत्येक भागात मरतो आणि पुढच्या भागात, कोणत्याही स्पष्टीकरणाविना, पुन्हा हजर होतो. ही निव्वळ चमत्कृती नव्हे. जेथे मृत्यूचीही आठवण उरत नाही, तेथे कोणत्याच कृतीला परिणाम नसतो. आणि अशा विश्वात सर्वांची सारखीच टर उडवणे उपहासकाराला सोपे जाते. मालिकेचा बहुचर्चित निःपक्षपातीपणा या विस्मृतीवरच उभा होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पहिला भाग कागदी कातरणांतून साकारला होता. पुढे संगणक आला. त्याने कातरणांचा ओबडधोबडपणा तेवढा जपला. एक भाग सुमारे सहा दिवसांत सिद्ध होऊ लागला. मालिका वृत्तपत्राच्या वेगाने बोलू लागली, आणि वृत्तपत्राप्रमाणेच कालचे विसरूही लागली.

२०१४ नंतर कथानके एका भागातून दुसऱ्यात वाहू लागली आणि ही सोय संपली. २०१६ मधील कथानक हिलरी क्लिंटन यांचा विजय गृहीत धरून रचलेले होते. निकाल उलटा लागल्याने ९ नोव्हेंबरचा भाग ऐनवेळी बदलावा लागला.

याहून निर्णायक उदाहरण ‘मॅनबेअरपिग’चे. २००६ साली अल गोर यांच्या हवामानविषयक इशाऱ्याची खिल्ली उडवताना हा अर्धा माणूस, अर्धे अस्वल आणि अर्धे डुक्कर असलेला प्राणी (अंकगणित मालिकेचेच!) एका एकाकी माणसाची लक्ष वेधून घेण्याची धडपड म्हणून दाखवला गेला. २०१८ मध्ये तोच प्राणी खरा निघतो, माणसे फाडतो आणि मुलांना गोर यांच्याकडे क्षमा मागायला जावे लागते. ही क्षमायाचनाही सरळ नाही. गोर तेव्हाही आत्मप्रौढीतच रमलेले आहेत. परंतु हास्याचा रोख आता बारा वर्षांपूर्वीच्या आपल्याच हास्यावर आहे, आणि ते प्रेक्षकाला आठवत असेल तरच या भागाला अर्थ प्राप्त होतो. मागच्या पिढीने मोटारी आणि आइस्क्रीम यांच्या मोबदल्यात त्या प्राण्याशी करार केला होता, असे पुढे उघड होते. नव्या वाटाघाटींत गावकऱ्यांना सोया सॉस सोडण्याची अट घातली जाते. तेवढेही त्यांना जमत नाही.