सुभेदार रामजी सकपाळ : पलटण, शाळा आणि भजन

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे ब्रिटिश हिंदी सैन्यातले निवृत्त अधिकारी, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक आणि कबीरपंथी भजनाचे व्रत निष्ठेने पाळणारे गृहस्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील ही त्यांची सर्वश्रुत ओळख. पण पेन्शनीवर चालवलेला मोठा संसार, मुलांच्या शिक्षणाचा ध्यास आणि घरात रोज होणारे भजन पाहिले, तर त्यांचे आयुष्य स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे असेच आहे.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. रामजींचे वडील मालोजी सैन्यात होते. पत्नी भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडीलही सैन्यात सुभेदार-मेजर होते. गावात महारांना पाणवठ्यापासून देवळापर्यंत सगळीकडे मज्जाव असण्याच्या त्या काळात पलटणीने या घराण्यांना नियमित पगार, हुद्दा आणि मुख्य म्हणजे शिक्षण दिले. सैनिकांनी आणि त्यांच्या मुलामुलींनी शिकलेच पाहिजे, असा लष्कराचा दंडक होता. त्यासाठी मुलांच्या दिवसाच्या शाळा आणि प्रौढांच्या रात्रशाळा चालत. रामजींनी पुण्यात अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. ते महूच्या छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा, म्हणजे पुढच्या बाबासाहेबांचा, जन्म झाला. रामजी-भीमाबाईंना चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा एवढीच मागे उरली.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. प्रथम दापोली, मग सातारा असा मुक्काम झाला. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले आणि लहान मुलांची जबाबदारी रामजींच्या बहीण मीराबाई यांनी उचलली. पेन्शनीत भागेना, म्हणून रामजींनी सरकारी कामावर नोकरी धरली. दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात तलावाचे खोदकाम सुरू झाले, तेव्हा तिथे ते खजिनदार होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले.

रामजींचे घराणे पूर्वी रामानंदी पंथाचे होते. रामजी स्वतः पुढे कबीरपंथी झाले आणि त्यांनी मद्य-मांस वर्ज्य केले. कबीरपंथाने जातिभेद मोडीत काढला होता. माणसाची योग्यता त्याच्या भक्तीवर आणि आचरणावर ठरते, हा या पंथाचा गाभा. ज्याला रस्त्यावर सावलीसुद्धा जपून टाकावी लागे, त्याला हे भजन केवळ देवाचे नाव घेण्यापुरते नव्हते. आपली मान ताठ ठेवण्याचे बळ त्यातून मिळत होते.

घरात पहाटे आणि रात्री भजन होई. कबीराचे दोहे, तुकोबांचे अभंग आणि संतकवींची पदे मुलांना पाठ असत. रात्रीच्या भजनाला कोणी गैरहजर राहिलेले रामजींना चालत नसे. पलटणीतली हजेरी त्यांनी घरातही मोडू दिली नाही. बहिणी गोड गळ्याने अभंग म्हणू लागल्या की वातावरण भारून जाई, ही आठवण पुढे बाबासाहेबांनीही जपली. भजनाच्या जोडीला रामायण-महाभारताचे वाचनही होई. भीमराव पोथी वाचत आणि जमलेली मंडळी ऐकत. हे ग्रंथ का वाचायचे, असे मुलाने एकदा थेट विचारले. त्यावर रामजींनी सांगितले, की अस्पृश्य म्हणून मनात न्यूनगंड येण्याची भीती आहे, तो या वाचनाने जावा. द्रोण आणि कर्ण सामान्य स्थितीतून किती वर चढले, आणि वाल्मीकी कोळी असूनही रामायणाचे कर्ते झाले, ही उदाहरणे त्यांनी दिली.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या नोकरीने एका समाजाला अक्षरओळख आणि मान दिला, तिचेच दार बंद झाले. जोतीराव फुल्यांचे चाहते असलेल्या रामजींनी या निर्णयाविरुद्ध खटपट केली आणि सरकारकडे धाडायच्या अर्जासाठी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली. बंदी तेव्हा उठली नाही.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एका खोलीत सगळा संसार मांडलेला. भीमरावांना अभ्यासासाठी शांतता मिळावी म्हणून रामजी त्यांना लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि इंग्रजीवर ते स्वतः मेहनत करून घेत. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण टाकत आणि पुस्तक आणत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. लगेचच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले, गाडी चुकली आणि मुंबईला पोहोचायला उशीर झाला. मुलाच्या पाठीवरून हात फिरवून २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला.

पुढच्या काही वर्षांत त्यांच्या कष्टांचे फळ दिसू लागले. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ व २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना समाजाचा नेता म्हणून गौरवले. १९२३ साली बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. रामजींनी ज्या भरतीसाठी अर्ज-विनंत्या केल्या होत्या, ती पहिल्या महायुद्धात तात्पुरती खुली झाली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची उभारणी होऊन कायमची मार्गी लागली.