सुरतेतील इंग्रजीचे शिक्षण आणि मुलांची मिश्र भाषा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाने एका वाक्यात दोन-तीन भाषा मिसळल्या, की भाषा बिघडली असे म्हणून आम्ही शिक्षक मोकळे होतो. हा निकाल किती उतावीळपणाचा आहे, ते सुरतेच्या शैक्षणिक इतिहासावरून ध्यानात येते.

१८४० नंतरच्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत दादोबा पांडुरंग तर्खडकर अध्यापन करीत होते. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारा हा पंडित येथे गुजराती घरांतील मुलांस इंग्रजी शिकवी. गुरूची भाषा एक, शिष्यांची दुसरी आणि शिकावयाची तिसरी, असा तो प्रकार होता. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसमवेत दादोबांनी येथेच मानवधर्म सभा स्थापिली. गुजरातीशी फटकून राहून त्यांना हे कार्य साधले नसते. पुढे मुंबईत माध्यमाचा वाद पेटला. एर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरीत, तर जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांची बाजू मांडीत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनांच्या शिक्षणासाठी देशी भाषांचे महत्त्व मान्य केले.

विसाव्या शतकात सुरतेचे रूप पालटले. ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेश सुरतेशी जोडला गेला. पुढे यंत्रमागांवर पोट भरण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे लिंबायत, उधना या भागांत वसली. महानगरपालिकेच्या शाळांत आज गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू ही माध्यमेही आहेत. येथील खानदेशी मूल घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि गल्लीत गुजराती-हिंदी बोलते. अहिराणीचा षष्ठीचा ‘ना-नी’ हा प्रत्यय गुजरातीच्या ‘नो-नी’शी इतका जवळचा आहे, की या दोन भाषांमधील कुंपण त्या मुलास फारसे जाणवत नाही. तशात इंग्रजीची भर पडते. ‘सर, मी बुक लाव्यो नाही,’ असे ते म्हणते, तेव्हा इंग्रजी नाम, गुजराती क्रियापद आणि मराठी नकार ही तिन्ही ज्याच्या त्याच्या स्थानी असतात. ही रचना अज्ञानातून होत नाही. हाताशी असलेल्या साधनांनी आशय पुरा करण्याचा तो यत्न असतो.

ज्या शाळेत ग्रंथालय नाही आणि एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आहेत, तेथे मुलाची बोली हाच त्याचा शब्दकोश असतो. तोच हिरावून घेतला, तर मूल गप्प होते, आणि गप्प मुलास इंग्रजी येत नाही व मराठीही हातची जाते. अर्थात हे मिश्रण म्हणजे एक पायरी आहे, मुक्काम नव्हे. मुलाचे वाक्य आधी ऐकून घ्यावे, मग तेच वाक्य शुद्ध मराठीत व शुद्ध इंग्रजीत त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. त्यास वेगळा खर्च लागत नाही, शिक्षकाचे कान मात्र उघडे असावे लागतात. आपल्या शिष्यांची भाषा जाणून घेण्याचे जे अगत्य दादोबांच्या पिढीने दाखविले, ते दाखविणे आम्हांस अवघड का वाटावे?