पाटी आणि पेढी

सरकारी कचेरीत ज्याचे आयुष्य जाते त्याला कागदाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. अधिकारी बदलून जातात, कारकून सेवानिवृत्त होतात, खात्यांची नावेही पालटतात. मागे राहते ते दप्तर. पेशव्यांचे राज्य १८१८ साली गेले, परंतु त्यांचे दप्तर पुण्यास राहिले, आणि गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद १९३० नंतर ४५ खंडांत प्रसिद्ध केले म्हणून त्या काळाशी आमचे नाते टिकले. तंजावरच्या सरस्वती महालातही मराठी राजवटीचे मोडी कागद आहेत. ते सहज वाचू शकणारी माणसे मात्र थोडी उरली. कागद शाबूत असणे आणि कागद वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हांला मोडीने शिकवले.

तोच प्रश्न संगणकाने नव्या रूपात उभा केला आहे. युनिकोड ही सर्वमान्य संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरे साठवण्याची प्रत्येक आज्ञावलीची रीत वेगळी असे. एका संगणकावर लिहिलेले टिपण दुसऱ्यावर उघडावे, तर 'महोदय' या शब्दाच्या जागी रोमन चिन्हांची अर्थहीन रांग पुढे यावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. मोडी परकी व्हायला काही पिढ्या लागल्या. या फाइली परक्या व्हायला काही वर्षे पुरली. तेव्हा आपण ज्या आज्ञावलीत लिहितो तिच्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न एकट्या तंत्रज्ञांचा नव्हे. ज्याच्या हाती दप्तर आहे त्या प्रत्येकाचा तो आहे. या दृष्टीने 'लिब्रेऑफिस' या कार्यालयीन आज्ञावलीचा, आणि विशेषतः तिच्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या समुदायाचा, इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

या इतिहासाचा आरंभ जर्मनीत होतो. १९८५ साली ल्यूनेबुर्ग गावी मार्को ब्योरिस या सोळा वर्षांच्या मुलाने 'स्टार डिव्हिजन' नावाची कंपनी काढली. तिच्या लेखनाच्या आज्ञावलीत पुढे हिशेबाचे तक्ते, चित्रे इत्यादींची भर पडून 'स्टारऑफिस' तयार झाले. १९९९ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने स्टार डिव्हिजन विकत घेतली. सनमध्ये अधिकारपदावर असलेले सायमन फिप्स यांनी पुढे या खरेदीचे जे कारण सांगितले ते कोणाही हिशेबनिसास पटण्याजोगे आहे : कंपनीचे नोकर सुमारे ४२,००० होते, आणि त्या सर्वांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा एक आख्खी कंपनी घेणे स्वस्त पडत होते!

सनने याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९ जुलै २००० रोजी तिने जाहीर केले की, या आज्ञावलीची मूळ संहिता आम्ही सर्वांस खुली करणार. आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी ती खुली झाली. मूळ संहिता म्हणजे प्रोग्रामर प्रत्यक्ष जे लिहितो ते. सामान्य व्यापारी आज्ञावली ही तयार मिठाईसारखी असते. खाता येते, पण कृती हलवायाच्या पोटात. येथे कृतीच लोकांच्या हाती आली. ती वाचावी, बदलावी, बदललेली दुसऱ्यास द्यावी, असा अधिकार परवान्याने प्रत्येकास मिळाला. 'ओपनऑफिस' या नावावर इतरांचा हक्क आधीच असल्याने प्रकल्पाचे अधिकृत नाव 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' असे लांबलचक ठेवावे लागले.

येथे थोडे थांबून एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. कोणत्याही सामुदायिक कार्यात तीन निरनिराळ्या वस्तू असतात : प्रत्यक्ष काम, त्या कामाचे नाव आणि त्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार. सनने पहिली वस्तू उदारपणे दिली. उरलेल्या दोन आपल्याकडे ठेवल्या. बोधचिन्हासह नाव सनचे होते. बाहेरच्या कार्यकर्त्याने काही लिहून दिले, तर त्याच्या स्वामित्वहक्कात सनला वाटेकरी करून घेणाऱ्या करारावर सही केल्यावाचून ते स्वीकारले जात नसे. पुढेमागे एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापून कारभार त्याच्याकडे सोपवण्याचे अभिवचन मात्र आरंभीच दिलेले होते. अभिवचनाला मुदत नव्हती. मुदतीवाचून दिलेल्या आश्वासनाचे काय होते, हे ज्यांनी अर्जांवर 'विचाराधीन' असा शेरा वाचला आहे त्यांना आम्ही काय सांगावे?

तरीही पुढची दहा वर्षे वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००२ साली पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावलीस विनामूल्य आणि समर्थ असा पर्याय जगभर मिळाला. २००५ पासून भारत सरकारच्या भाषातंत्रज्ञान कार्यक्रमाने भारतीय भाषांतील आज्ञावलींच्या तबकड्या फुकट वाटण्यास आरंभ केला, आधी तमिळ आणि मग हिंदी. त्यांतही ओपनऑफिसचे देशी रूप होते. परंतु या दशकाची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे 'ओपन डॉक्युमेंट' हा फाइलीचा खुला नमुना. तो २००५ साली 'ओएसिस' या मानकसंस्थेने मान्य केला आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून त्यास मान्यता मिळाली. या नमुन्याची रचना प्रसिद्ध असल्यामुळे, उद्या मूळ आज्ञावली नाहीशी झाली तरी नवी आज्ञावली रचून जुना कागद वाचता येईल. मोडीच्या बाबतीत आम्हांस जे साधले नाही, त्याची तरतूद येथे आधीच झाली.

समुदायात मात्र असंतोष साचत होता. बाहेरच्यांनी केलेल्या सुधारणा मुख्य आज्ञावलीत घेण्यास सनकडून विलंब होई. काही तर घेतल्याच जात नसत. नॉव्हेल या कंपनीतील मायकेल मीक्स आणि त्यांचे सहकारी अशा सुधारणांचा वेगळा संच बाळगून होते. तो 'गो-ओओ' या नावाने निघे, आणि लिनक्सच्या अनेक वितरणांतून ओपनऑफिस म्हणून प्रत्यक्षात हेच सुधारलेले रूप लोकांच्या हाती पडे. घर एकच, पण चुली दोन झाल्या होत्या.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्सचे अधिग्रहण पूर्ण केले. सनच्या इतर मालमत्तेबरोबर ओपनऑफिसचे नावही नव्या धन्याकडे गेले. सनच्या दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पाची, ओपनसोलारिसची, त्याच वर्षी ओरॅकलच्या हाती अखेर झाली. हे पाहून कार्यकर्त्यांनी आणखी वाट पाहिली नाही. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' स्थापन केल्याचे जाहीर केले. दहा वर्षांपूर्वी दिलेले स्वातंत्र्याचे अभिवचन आम्ही पुरे करीत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. भाषा बंडाची नव्हती. ओरॅकलने या प्रतिष्ठानात यावे आणि जुने नाव त्यास द्यावे, असे निमंत्रण त्यांनी दिले. तोवर तात्पुरते म्हणून 'लिब्रेऑफिस' हे नाव घेतले. 'लिब्र' या फ्रेंच शब्दाचा अर्थ मुक्त असा आहे.

ओरॅकल आली नाही. ऑक्टोबरात प्रकल्पाच्या समुदाय-मंडळाची बैठक झाली तेव्हा, नव्या प्रतिष्ठानात सामील झालेल्या सभासदांचे हितसंबंध परस्परविरोधी ठरतात, सबब त्यांनी मंडळ सोडावे, अशी मागणी ओरॅकलच्या बाजूने झाली. महिना संपता संपता जर्मन भाषाविभागातील ३३ कार्यकर्त्यांनी एका पत्राद्वारे जुना प्रकल्प सोडला. तात्पुरते नाव कायमचे झाले.

बृहन्महाराष्ट्रातील मंडळांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. मंडळ फुटते तेव्हा वास्तू आणि नोंदणीचे कागद एका पक्षाकडे राहतात, आणि गणपतीचा मांडव घालणारे हात दुसऱ्याकडे जातात. पाटी जागच्या जागी राहते, पेढी हलते. मंडळाला अशा वेळी वर्गणीच्या पहिल्या पैपासून आरंभ करावा लागतो. येथे मात्र परवान्याने काम सर्वांचेच होते, म्हणून निघून जाणाऱ्यांना ते सगळेच्या सगळे बरोबर नेता आले, आणि मागे राहिलेल्यांचेही त्यात काही उणे झाले नाही.

२५ जानेवारी २०११ रोजी लिब्रेऑफिसची पहिली पक्की आवृत्ती निघाली. फेब्रुवारीत प्रतिष्ठानाच्या भांडवलासाठी ५०,००० युरोंचे आवाहन केले गेले. आठ दिवसांत ती रक्कम जमली. उबुंटूसारख्या प्रमुख लिनक्स वितरणांनी याच वर्षी लिब्रेऑफिस स्वीकारले. नव्या सभासदांना जुन्या घराची झाडलोटही करावी लागली. मूळ संहितेत ठिकठिकाणी जर्मन भाषेत लिहिलेली स्पष्टीकरणे होती. ती वाचता न आल्याने कित्येकांचे पाऊल अडे. स्वयंसेवकांनी ओळीमागून ओळ घेऊन त्यांचे इंग्रजी केले, आणि हे काम कित्येक वर्षे चालले. अशा कामाची बातमी होत नाही; संस्था जगते ती मात्र अशाच कामावर. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रतिष्ठानाची बर्लिन येथे विधिवत नोंदणी झाली. संचालक मंडळ सभासदांनी निवडावे, आणि एकाच कंपनीच्या माणसांचे त्यावर वर्चस्व होऊ नये, असे निर्बंध त्याच्या नियमांत घातले आहेत.

पाटीचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसचा व्यापार सोडला आणि जूनमध्ये संहिता व नाव 'अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन' या संस्थेस देऊ केले. अपाची ही नावाजलेली संस्था, आणि तेथे जमलेले कार्यकर्तेही निष्ठावान होते. परंतु दोन्ही घरांचे परवाने निराळे पडले : अपाचीचे लिखाण लिब्रेऑफिसला घेता येई, उलट लिब्रेऑफिसचे लिखाण अपाचीच्या नियमांत बसत नसे. एका बाजूची विहीर भरत गेली, दुसरीची आटत गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरक्षेचे दोष वेळेवर दुरुस्त करण्यास पुरेसे हात नाहीत अशा अवस्थेत, प्रकल्प बंद करावयाचा झाल्यास काय करावे लागेल, हा प्रश्न अपाची ओपनऑफिसच्या प्रमुखांनीच समितीपुढे ठेवला. प्रकल्प बंद झाला नाही. किरकोळ दुरुस्तीच्या आवृत्त्या निघत राहिल्या. नाव जुने आणि परिचित, म्हणून असंख्य लोक तेच मागत राहिले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, ओपनऑफिसच्या विसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, लिब्रेऑफिसकडून अपाचीस एक अनावृत पत्र गेले : आपल्याकडे येणाऱ्या लोकांना निदान आमचा पत्ता तरी सांगा. दहा वर्षांनंतरही पाटीचे सामर्थ्य असे होते.

स्वतंत्र घर बांधले म्हणून भांडणे सरली, असे समजणाऱ्याने इतिहास वाचू नये. लिब्रेऑफिसचे पुष्कळसे अवघड काम कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर करतात. २०१३ साली सुसे कंपनीतील असा एक गट कोलॅबोरा या कंपनीत गेला. आज्ञावली फुकट, मग या पगाराचा पैसा यावा कोठून? २०२० साली सातव्या आवृत्तीच्या चाचणीच्या प्रतीवर 'वैयक्तिक आवृत्ती' अशा अर्थाचे शब्द झळकले. संस्थांनी आणि कचेऱ्यांनी पैसे देऊन कंपन्यांकडून सेवा घ्यावी, हा हेतू. पण आपले स्वातंत्र्य आता वाटणीला निघाले, असे समजून स्वयंसेवक खवळले आणि तो शब्द मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२१ मधील आवृत्तीवर 'समुदाय' हा शब्द आला. २०२० सालीच कोलॅबोराने आज्ञावलीच्या ऑनलाइन रूपाचे काम प्रतिष्ठानाच्या छत्राखालून काढून स्वतःच्या घरी नेले. या वादात कोणताही एक पक्ष खोटा होता असे आम्हांस वाटत नाही. अन्नछत्र सर्वांसाठी असते. धान्य मात्र कोणीतरी आणावे लागते.

२०१० सालच्या नोव्हेंबरात, म्हणजे ही फाटाफूट ताजी असतानाच, भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण अंगीकारले. २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या वापराचेही धोरण जाहीर झाले. आज लिब्रेऑफिस मराठीतही वापरता येते. धोरणाचा कागद निघणे आणि टेबलावर त्याचा अंमल होणे यांत किती अंतर असते, ते वाचकांस ठाऊक आहे. परंतु जे आपल्या हातचे आहे ते करण्यास परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहिणे आणि जपून ठेवावयाच्या कागदाची एक प्रत खुल्या नमुन्यात ठेवणे, एवढे कोणासही साधेल.

या इतिहासातून आम्ही घेतला तो बोध एवढाच : सामुदायिक कार्यात भाग घेताना काम कोणाचे, नाव कोणाचे आणि निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत आणि त्यांची उत्तरे मुदतीसह लिहून घ्यावीत. ओपनऑफिसच्या लोकांनी पहिल्याचे उत्तर लिहून घेतले होते, म्हणून ते तरले. उरलेल्या दोहोंचे घेतले नव्हते, म्हणून त्यांना दहा वर्षांनी घर सोडावे लागले.