न्यायमूर्ती विल्यम हेस्टी : राजीनामा आणि न्यायासन

सेनापतीच्या मागे लढाया राहतात, मुत्सद्द्याच्या मागे तह राहतात. न्यायाधीशाच्या मागे राहतात ती निकालपत्रे, आणि ती वकिलांखेरीज सहसा कोणी वाचत नाही. त्यामुळे न्यायाधीशांची चरित्रे लोकांपर्यंत फारशी पोचत नाहीत. अमेरिकेतील विल्यम हेन्री हेस्टी यांचे चरित्र मात्र आपण सर्वांनी समजून घ्यावे असे आहे.

त्या देशात संघराज्याच्या न्यायसंस्थेच्या तीन पायऱ्या आहेत. खाली जिल्हा न्यायालये, वर सर्वोच्च न्यायालय आणि मधे अपील न्यायालये. त्यांना तेथे ‘सर्किट’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालय थोडीच प्रकरणे सुनावणीस घेते. म्हणून बहुसंख्य दाव्यांत अपील न्यायालयाचा शब्द हाच अखेरचा ठरतो. अशा आसनावर बसलेले पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ म्हणजे हेस्टी.

त्यांचा जन्म १९०४ साली टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे झाला. ॲमहर्स्ट महाविद्यालयातून ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि हार्वर्ड येथे कायदा शिकले. पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ते कायदा शिकवू लागले. थर्गुड मार्शल हे तेथील त्यांचे विद्यार्थी. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना व्हर्जिन बेटांच्या जिल्हा न्यायालयावर नेमले. संघराज्याचा न्यायाधीश होण्याचा मान कृष्णवर्णीयाला मिळण्याची ती पहिलीच वेळ. परंतु ती नेमणूक ठराविक मुदतीची होती, तहहयात नव्हती.

१९४० साली युद्धमंत्री स्टिम्सन यांचे सल्लागार म्हणून हेस्टी युद्धखात्यात गेले. सैन्यातील वर्णभेद कमी व्हावा, हे त्यांचे काम. त्यांनी अहवाल लिहिले, सूचना केल्या. पण सैन्याची रीत फारशी हलेना. विमानदलात तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शिक्षणाच्या योजना चालूच राहिल्या. तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे लोकांपुढे मांडली. अधिकाराच्या खुर्चीत बसून थोडे थोडे साधावे, की खुर्ची सोडून सत्य बोलावे? हा पेच आपल्याही सार्वजनिक जीवनात नवा नाही. हेस्टींनी आधी पहिला मार्ग दोन वर्षांहून अधिक काळ चोखाळला आणि मगच दुसरा धरला, हे ध्यानात ठेवावे.

पुढे ते पुन्हा वकिलीच्या रणात उतरले. आंतरराज्य बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडण्यास नकार देणाऱ्या आयरीन मॉर्गन या बाईंना व्हर्जिनियात दहा डॉलर दंड झाला होता. हेस्टी आणि मार्शल यांनी तो दावा सर्वोच्च न्यायालयात चालविला. त्यांनी भर दिला तो राज्याराज्यांतील दळणवळणाच्या कलमावर. दर राज्याने बसायचे निराळे नियम केले, तर प्रवास चालावा कसा? १९४६ साली ते जिंकले. निकाल आंतरराज्य प्रवासापुरताच होता. पण एका अन्यायी कायद्याचा एक चिरा निखळला.

१९४९ मध्ये ट्रूमन यांनी फिलाडेल्फियाच्या तिसऱ्या सर्किटवर त्यांची निवड केली. सेनेटने मान्यता दिली ती जुलै १९५० मध्ये. मधल्या काळात साम्यवाद्यांशी संबंध असल्याचा संशय त्यांच्यावर घेण्यात आला. आणि गंमत पाहा! १९६२ साली केनेडींनी सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांच्या नावाचा विचार केला, तेव्हा हे गृहस्थ फार सावध आहेत, असा आक्षेप उदारमतवाद्यांकडूनच आला. ती जागा बायरन व्हाइट यांना मिळाली. एकाच माणसाला आधी जहाल ठरवले गेले आणि नंतर मवाळ. वकील म्हणून त्यांनी पक्ष घेतला होता. न्यायासनावर बसल्यावर कायद्यापलीकडचा पक्ष घ्यायचा नाही, ही त्यांची शिस्त होती. ती दोन्हीकडच्या लोकांना उमगली नाही.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयावर पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती आले, ते त्यांचेच विद्यार्थी मार्शल. हेस्टी १९६८ ते १९७१ या काळात आपल्या सर्किटचे मुख्य न्यायाधीश होते. १४ एप्रिल १९७६ रोजी ते निवर्तले. सर्वोच्च आसन त्यांना लाभले नाही. पण त्या आसनाची वाट ज्यांनी तयार केली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.