मोहल्ला कमिटी म्हणजे काय? १९९२ मध्ये भिवंडी शांत कशी राहिली?

करमाडकरांचं कायम जाणं-येणं असलेल्या छत्रपती संभाजीनगरात मार्च २०२३ मध्ये, रामनवमीच्या आदल्या रात्री, किराडपुऱ्यात दंगल उसळली. पोलिसांच्या गाड्या जाळण्यात आल्या. अशा शहरात पुन्हा विश्वास कसा बसतो? भिवंडीचं उदाहरण पाहू.

यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या.

वेगळं काय होतं?
जुन्या शांतता समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी असत, त्यांची आठवण सणासुदीला किंवा तणाव वाढल्यावरच होई. मोहल्ला कमिटीत दोन्ही समाजांतली साधी माणसं होती. पोलिसांसोबत त्यांच्या नियमित बैठका होत. नळाचं भांडण, छेडछाड, अफवा असे विषय तिथेच मिटत, त्यांना धार्मिक रंग चढत नसे.

परिणाम काय झाला?
डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० बळी गेले. शेजारची भिवंडी शांत राहिली.

मात्र २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे हिंसाचार झाला, दोन पोलिसांचा जीव गेला. म्हणजे विश्वास एकदा कमावून भागत नाही, तो सतत जपावा लागतो.